फ्रेंच शिकवायचं? सुरुवात ‘चिमणी उड’पासून करा

नांदेडच्या किंवा लातूरच्या बसस्थानकावर कुणालाही विचारा, ‘एस.टी.चा डेपो कुठाय?’ लगेच हात दाखवतील. ‘डेपोट’ मात्र कुणी म्हणणार नाही. इंग्रजीत लिहिताना शेवटी ‘ट’चं अक्षर येतं, पण बोलताना आपण ते गिळतो. लग्नातला ‘बुफे’ आणि सत्कारातला ‘बुके’ यांचंही तसंच. हे तिन्ही शब्द मूळचे फ्रेंच. इंग्रजीच्या बैलगाडीत बसून ते आपल्याकडे आले, पण शेवटचं अक्षर न उच्चारायची फ्रेंच खोड त्यांनी सोडली नाही. म्हणजे फ्रेंच उच्चाराचा एक नियम आपल्या मुलांच्या तोंडी आधीपासूनच आहे. तो त्यांना कुणी शिकवला नाही आणि वहीत लिहूनही दिला नाही.

प्राथमिक शाळेतल्या मुलांना फ्रेंच शिकवू पाहणाऱ्या नांदेड-लातूरच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हा लेख आहे. त्यात सांगायचं ते एकच: मुलांना जे आधीच येतं, तिथून सुरुवात करा. आणि त्यांना जे येतं ते इंग्रजीत नाही, मराठीत आहे, घरच्या बोलीत आहे, अंगणातल्या खेळांत आहे.

आधी तासांचा हिशेब

‘लहान मुलं भाषा पटकन उचलतात’ हे वाक्य क्लासच्या प्रत्येक जाहिरातीत असतं. ते अर्धंच खरं आहे. दिवसभर ती भाषा कानावर पडत असेल, तर मूल ती उचलतं. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या सेंट लॅम्बर्ट गावी १९६५ साली इंग्रजीभाषक मुलांना बालवाडीपासून सगळी शाळाच फ्रेंचमधून दिली. मुलं उत्तम फ्रेंच शिकली आणि त्यांच्या इंग्रजीचंही नुकसान झालं नाही. त्याच सुमाराला, १९६४ ते १९७४ या काळात, इंग्लंड-वेल्सच्या प्राथमिक शाळांत आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. तिथे आठवड्याला मोजकेच तास होते. ती मुलं सोळा वर्षांची झाल्यावर त्यांची तुलना अकराव्या वर्षी फ्रेंच सुरू केलेल्या मुलांशी केली, तेव्हा लवकर सुरू करणारी मुलं फक्त ऐकून समजण्यात पुढे दिसली. वाचन-लेखनात त्यांची आघाडी टिकली नाही.

आता आपला हिशेब मांडा. आठवड्याला अर्ध्या तासाचे दोन तास आणि वर्षाचे साधारण ३५ आठवडे धरले, तर वर्षाला ३५ तास होतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. त्या ८००मध्ये आपले ३५. पाचही वर्षं न चुकता चालवलं तरी १७५ तास भरतात. एवढ्यात मूल फ्रेंच ‘बोलायला लागेल’ असं वचन पालकांना देऊ नका.

मग या १७५ तासांत मिळतं काय? कान तयार होतो, जीभ वळते, अनोळखी भाषेची भीती जाते. नाव, वय, आवडनिवड, रंग, खाणं, दिशा, वार, वेळ एवढ्यावर मूल न अडखळता बोलतं. पुढे आठवीत किंवा अकरावीत ते फ्रेंच घेईल, तेव्हा वर्गातल्या इतरांना उच्चारासाठी झगडावं लागेल, याला नाही. हे कमी नाही, पण आहे ते एवढंच.

लातुरात हमखास एक प्रश्न येतो: ‘सर, याचे मार्क कुठं धरतात?’ प्राथमिकला कुठेच धरत नाहीत. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही फ्रेंच, जर्मन, जपानी अशा परदेशी भाषांचं नाव माध्यमिक टप्प्यावर घेतं. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावर २०२५ साली किती रान उठलं ते आपण पाहिलंच. एप्रिल आणि जूनमधले शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावे लागले. त्यातून घ्यायचा धडा असा की लहान मुलांवर भाषा लादू नये. फ्रेंचला शनिवारच्या उपक्रमात, छंदवर्गात, परिपाठानंतरच्या पंधरा मिनिटांत जागा द्या. मराठी वाचनाचा तास कापून फ्रेंच बसवावं लागत असेल, तर फ्रेंच नको. तिसरीतल्या मुलाला मराठी धडा अडखळत वाचावा लागत असेल, तर त्याला आधी गोष्टीची पुस्तकं द्या.

पूल इंग्रजीचा नको

माझ्या पहिल्या वर्गात मी काय केलं ते सांगतो. तिसरी-चौथीची बावीस मुलं होती. मी फळ्यावर ‘असणे’ या क्रियापदाची सहा रूपं लिहिली आणि शेजारी इंग्रजी अर्थ मांडला. मुलांनी लाल पेनने समास आखून सुबक अक्षरात सगळं उतरवून घेतलं. मी खूश झालो. पुढच्या शनिवारी दारात उभा राहून ‘बोंझूर’ म्हणालो, तर बावीसपैकी एकाच्याही तोंडून उत्तर निघालं नाही. सगळ्यांनी वह्या मात्र उघडल्या. मुलांना मी फ्रेंच दिलंच नव्हतं. जी इंग्रजी त्यांना अजून धड येत नव्हती, तिच्या आडून फ्रेंचचा एक तक्ता तेवढा दिला होता.

मराठीतून गेलं तर रस्ता सोपा होतो. चार ठिकाणी तर फारच.

पहिलं लिंग. इंग्रजीतून फ्रेंच शिकणारा माणूस ‘टेबल स्त्रीलिंगी का?’ म्हणून डोकं धरतो. आपल्या मुलांना विचारा: ‘एस.टी. आली की आला?’ सगळा वर्ग ओरडेल, ‘आली!’ मोबाइल? ‘हरवला!’ टेबल? ‘तुटलं!’ हे शब्द बाहेरून आले, तरी मुलांनी प्रत्येकाला लिंग देऊन टाकलंय. त्यांना फक्त एवढं सांगा की फ्रेंचमध्ये दोनच घरं आहेत, ‘तो’चं आणि ‘ती’चं. ‘ते’चं घर तिथे बांधलेलंच नाही. त्यामुळे आपलं पुस्तक आणि झाड ‘तो’च्या घरी राहायला जातात, तर घर आणि टेबल ‘ती’च्या. खुर्ची आणि शाळा इथेही ‘ती’ आणि तिथेही ‘ती’. सूर्य दोन्हीकडे ‘तो’, चंद्र मात्र तिथे ‘ती’ होतो. मुलांना हे गमतीचं वाटतं, आणि गमतीचं वाटलं की लक्षात राहतं.

दुसरं विशेषण. ‘मोठा मुलगा, मोठी मुलगी’ म्हणणाऱ्याला ‘ग्रां’ आणि ‘ग्रांद’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

तिसरं ‘तू’ आणि ‘तुम्ही’. फ्रेंचमध्ये ते ‘त्यु’ आणि ‘वू’ आहेत, आणि मोठ्यांना, अनोळख्यांना ‘वू’ म्हणायची रीत आपल्यासारखीच. फरक एकच सांगायचा: तिथलं मूल वडिलांनाही ‘त्यु’ म्हणतं. आपल्याकडे कित्येक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ असतं, म्हणून वर्गात यावर हशा पिकतो. पिकू द्या.

चौथं वर्तमानकाळ. ‘काय करायलास?’ असं विचारलं की लातूरचं मूल ‘जेवायलोय’ म्हणतं आणि रोजच्या सवयीबद्दल ‘जेवतो’ म्हणतं. फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच रूप चालतं. एका शब्दात दोन कामं होतात, एवढं सांगितलं की पुरे.

मराठी हात सोडते अशी ठिकाणंही आहेत. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, फ्रेंचमध्ये मधे. ‘मी आंबा खातो’चं तिथे ‘मी खातो आंबा’ होतं. शिवाय नामाआधी ‘अं’, ‘यून’, ‘ल’, ‘ला’ यांपैकी काहीतरी लागतंच, आणि ते आपल्याकडे नाही. याचा नियम सांगत बसू नका. पहिल्या दिवसापासून शब्द सुटा न देता त्याच्या शेपटासकट द्या. ‘ताब्ल’ नाही, ‘यून ताब्ल’. चित्रांची कार्डं करताना ‘तो’ला निळी आणि ‘ती’ला लाल किनार द्या. दोन महिन्यांनी मुलं किनार न बघता बरोबर बोलतात.

नाक, घसा आणि फुंकणी

उच्चारांतही आपली मुलं पुढून सुरुवात करतात. फ्रेंचमधले त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ लावून म्हणायचे, आणि प, त, क म्हणताना हवेचा फुत्कार सोडायचा नाही. हे मराठी मुलाला जन्मतःच येतं. इंग्रजीची सवय झालेला मोठा माणूस ‘टाब्ल’ म्हणतो, पण ‘ताब्ल’ ऐकलेलं मूल ‘ताब्ल’च म्हणतं. अडतात ते चारच ध्वनी.

एक, नाकातले स्वर. ‘बों’ म्हणताना शेवटी न किंवा म उमटू द्यायचा नाही. होकार भरताना आपण ‘हं’ म्हणतो, तेव्हा जिथे आवाज घुमतो तिथेच तो ठेवायला सांगा. हिंदीतला ‘माँ’ आणि ‘हाँ’ही मदतीला येतो.

दोन, घशातला ‘र’. गुळण्या करताना होतो तो आवाज हलकेच काढायचा. नांदेडच्या वर्गात उर्दू बोलणारी मुलं असतील, तर त्यांना पुढे बोलवा. ‘बाग़’ आणि ‘ग़रीब’मधला ग़ याच गल्लीतला आहे. एरवी ‘तुझं मराठी असं का?’ हे ऐकायची सवय झालेलं मूल त्या दिवशी सगळ्या वर्गाचं उच्चारगुरू होतं.

तीन, ‘त्यु’मधला स्वर. ओठ चूल फुंकताना फुंकणीवर ठेवतो तसे गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायची. ज्या मुलांनी चूल पाहिली नसेल त्यांना शिट्टी वाजवायला सांगा.

चार, ‘बोंझूर’मधला ‘झ’. तो ना झाडातला, ना झेंड्यातला. ‘श’ लांबवत राहायचं आणि त्यातच घशाचा आवाज मिसळायचा. गळ्यावर बोटं ठेवली की थरथर कळते.

सीमेवरच्या शाळांना याहून मोठा फायदा आहे. देगलूर-धर्माबादला तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, किनवटला गोंडी आणि कोलामी बोलणारी मुलं वर्गात असतात. तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाला चौथीचं भय वाटत नाही. ‘आंबा’ला तुमच्या घरी काय म्हणतात, हे आधी प्रत्येकाला विचारा, आणि मग त्या यादीच्या शेवटी फ्रेंच शब्द ठेवा.

मुलांना आधीच येणारे तीन खेळ

परदेशी भाषेसाठी परदेशी खेळ शोधायची गरज नाही. आपले तीन खेळ फ्रान्समधली मुलंही जवळजवळ जसेच्या तसे खेळतात.

*चिमणी उड.* फ्रेंचमध्ये याचं नाव ‘पिझों व्होल’, म्हणजे ‘कबूतर उडतं’. नियम तेच: उडणारं नाव आलं की बोट वर करायचं, न उडणाऱ्याला वर केलं की बाद. पहिल्या दिवशी चारच नावं घ्या: चिमणी ‘म्वानो’, कावळा ‘कोर्बो’, गाय ‘व्हाश’, हत्ती ‘एलेफां’. ‘म्वानो व्होल!’ बोटं वर. ‘कोर्बो व्होल!’ बोटं वर. ‘व्हाश व्होल!’ अर्धा वर्ग फसतो. दहा मिनिटांत त्यांनी ‘व्होल’ हे क्रियापद चाळीस वेळा ऐकलेलं असतं आणि एकदाही ‘म्हणजे काय?’ विचारलेलं नसतं. पुढच्या वेळी विमान ‘आव्हियों’ घाला. तिसऱ्या वेळी राज्य एखाद्या मुलावर द्या. आता बोलायचं त्याने.

*शिवाजी म्हणतो.* फ्रेंच मुलं ‘झाक आ दी’, म्हणजे ‘झाक म्हणाला’, असं म्हणून हाच खेळ खेळतात. वर्गात शिवाजीच म्हणू दे, काही बिघडत नाही. ‘लव्हे-वू’ उठा, ‘आसेये-वू’ बसा, ‘तूशे ल ने’ नाकाला हात लावा. शरीराचे अवयव, वर्गातल्या वस्तू, रंग या सगळ्यांसाठी हा एक खेळ पुरतो. महत्त्वाचं म्हणजे बोलायला अजून तयार नसलेलं मूलही यात पूर्ण भाग घेतं. त्याला समजलंय हे त्याच्या हालचालीवरून कळतं. पहिले काही आठवडे मूल गप्प राहिलं तर राहू द्या. ते ऐकत असतं.

*आईचं पत्र हरवलं.* फ्रान्समध्ये पत्र आईचं नसतं आणि हरवतही नाही, तिथे पोस्टमनच आलेला नसतो. बाकी गोल करून बसणं, मागून पळणारा गडी, पाठीमागे हळूच टाकलेला रुमाल आणि मग पाठलाग, हे सगळं आपलंच. तिथली मुलं पळताना वारांची नावं घेतात: लंदी, मार्दी, मेर्क्रदी… तीन शनिवारांत सातही वार पाठ होतात, आणि तेही पळत-पळत. घोकंपट्टी आपल्या लातूरला नवी नाही. फक्त इथे ती पायांनी होते.

अर्ध्या तासाची आखणी

रोज तोच क्रम ठेवा. पुढे काय येणार हे मुलांना ठाऊक असलं की फ्रेंच सूचना आपोआप कळू लागतात.

१. हजेरी, पाच मिनिटं. ‘हजर’ऐवजी मुलाने ‘प्रेझां’ म्हणायचं, मुलीने ‘प्रेझांत’. शेवटचा ‘त’ फक्त मुलींचा. पुल्लिंगी-स्त्रीलिंगीचा धडा असा रोज, वर्गात जितकी डोकी तितक्या वेळा होतो, आणि आपण तो शिकवतोय हे मुलांना कळतही नाही.

२. जुना खेळ, दहा मिनिटं. वरच्या तिन्हींपैकी एक, मागच्या आठवड्याच्या शब्दांवर.

३. नवे शब्द, पाच मिनिटं. चार किंवा पाच, त्याहून जास्त नकोत. खरी वस्तू हातात घ्या: कांदा, लिंबू, पेन्सिल, चप्पल. वस्तू दिसत असताना मराठी अर्थ सांगायची गरज नसते.

४. गोष्ट किंवा गाणं, सात मिनिटं. मुलांना मराठीत पाठ असलेली कावळा-चिमणीची गोष्ट घ्या. शेणाचं आणि मेणाचं घर कुणाचं हे त्यांना माहीत असल्याने फ्रेंच शब्द अडले तरी गोष्ट अडत नाही. गोष्टीत तीच-ती वाक्यं परत परत येतात, ती मुलांना म्हणू द्या.

५. निरोप, तीन मिनिटं. दारात उभं राहून प्रत्येकाला एक प्रश्न. ‘ओ रव्वार’ म्हटल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही.

तासभर फ्रेंचच बोलायचं असा हट्ट धरू नका. खेळाचा नियम, एखादी गंमत, कुणी रडलं तर समजूत, हे सगळं मराठीत. पण ‘या, बसा, ऐका, पुन्हा, शाबास’ हे पाच शब्द पहिल्या दिवसापासून कायम फ्रेंचमध्ये.

गंजगोलाईत हरवलेला पाहुणा

दुसऱ्या वर्षी वर्गाबाहेर पडा. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मैदानात चुन्याने मोठं वर्तुळ काढा आणि त्याला सोळा रस्ते फोडा. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक कार्ड ठेवा: भाजी, भांडी, कापड, पुस्तकं, दवाखाना. एका मुलाच्या डोळ्यांना पट्टी बांधा. तो फ्रान्सहून आलेला पाहुणा. बाकीच्यांनी त्याला भांड्यांच्या दुकानापर्यंत न्यायचं: ‘आ गोश’ डावीकडे, ‘आ द्र्वात’ उजवीकडे, ‘तू द्र्वा’ सरळ. ‘द्र्वात’ आणि ‘द्र्वा’ यांत एका ‘त’चाच फरक आहे. तो गिळला की पाहुणा उजवीकडे वळायच्या ऐवजी सरळ जाऊन कापडाच्या दुकानात शिरतो. स्पष्ट का बोलायचं, हे मुलांना माझ्यापेक्षा तो चुकलेला पाहुणा चांगलं पटवतो.

नांदेडकरांसाठी नदी आहे. फ्रेंचमध्ये समुद्राला मिळणारी नदी ‘फ्लव्ह’ आणि दुसऱ्या नदीला मिळणारी ‘रिव्हियेर’. गोदावरी फ्लव्ह, मांजरा रिव्हियेर. चौथीच्या नकाशात दोन्ही नद्या बोटाने शोधल्या की भूगोल आणि फ्रेंच एकाच वेळी होतं.

चार विसा

आकडे हळू घ्या. पहिल्या वर्षी २०पर्यंत, दुसऱ्या वर्षी ६०पर्यंत. अंगणात ठिकरीची घरं आखा आणि उडी मारताना मोजायला लावा.

६९नंतर फ्रेंच मोजणी वळण घेते. सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, नव्वद ‘चार-वीस-दहा’, आणि सत्त्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-दहा-सात’. मोठी माणसं इथे कपाळाला हात लावतात. पण माझ्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘माझी आजी असंच मोजती. चार इसा.’ खेड्यांतले जुने लोक अजूनही विसाच्या हिशेबाने मोजतात: दोन विसा म्हणजे चाळीस, चार विसा म्हणजे ऐंशी. अडाणी म्हणून आपण बाजूला ठेवलेली मोजणी फ्रान्सच्या बँकांमध्ये रोज चालते. तेव्हापासून हा धडा घेण्याआधी मी गृहपाठ देतो: घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारून या, ते लहानपणी कसं मोजायचे. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं, तेव्हा केवढी चर्चा झाली होती. आपल्या संख्यानामांकडे मुलांनी कुतूहलाने बघावं, हेही या तासाचं फळ आहे.

वही कधी उघडायची?

पहिले सहा महिने उघडायची नाही. फ्रेंच लिपी ओळखीची वाटते आणि तिथेच फसवते. मुलांनी इंग्रजी अक्षरं नुकतीच ओळखायला घेतलेली असतात, त्यामुळे शब्द दिसला की ती इंग्रजी पद्धतीने वाचतात आणि कानाने कमावलेलं सगळं जातं. ‘पाणी’ हा शब्द घ्या. उच्चार नुसता ‘ओ’. लिहिताना तीन अक्षरं, आणि त्या तिन्हींत ‘ओ’चं अक्षर नाही! आधी तो शब्द महिनोन्‌महिने तोंडात खेळू द्या. २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला पाण्याचा शब्द तसाही लवकर पाठ होतो. लेखन नंतर दाखवलं, तर मुलं ते कोडं सोडवल्यासारखं बघतात.

आणि उच्चार देवनागरीत लिहून देऊ का? या लेखात मी लिहिलेत ते शिक्षकांच्या आधारासाठी. मुलांना देऊ नका. ‘बोंझूर’ असं वहीत लिहिलं की नाकातला स्वर जातो आणि ‘बोन्‌झूर’ कायमचं राहतं.

चुकांचं काय करायचं?

मूल ‘ग्रांद’च्या जागी ‘ग्रां’ म्हणालं तर थांबवू नका. त्याचंच वाक्य तुम्ही बरोबर करून सहज परत म्हणा आणि पुढे जा. उच्चार वाकला तरी घाबरू नका. निजामाच्या फौजेत रेमों नावाचा फ्रेंच सेनापती होता. तो १७९८ साली वारला. हैदराबादकरांच्या जिभेवर त्याच्या नावाचं ‘मूसा राम’ झालं आणि मूसारामबाग हा भाग त्याच्याच नावाने ओळखला जातो. नांदेड-लातूरच्या पुष्कळ घरांचे नातेवाईक हैदराबादेत आहेत, त्यांनी ते नाव ऐकलेलं असतं. दख्खनने एक फ्रेंच नाव वाकवलं, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. चुकीचा उच्चार म्हणजे ओळखीची सुरुवात.

परीक्षा नकोच. वर्षाअखेरीस पालकांना बोलावून मुलांनी बाजार मांडावा. विकणारी मुलं फ्रेंच बोलतील, घेणाऱ्या आयांना ‘बोंझूर’ आणि ‘मेर्सी’ एवढं शिकवून ठेवा. ज्यांना प्रमाणपत्र हवंच असेल त्यांच्यासाठी सात ते बारा वर्षांच्या मुलांची ‘डेल्फ प्रिम’ परीक्षा आहे. ती आलियांस फ्रांसेझ या संस्थेमार्फत होते. आपल्याला जवळची केंद्रं हैदराबाद आणि पुणे. पण आधी भाषा, मग कागद.

शिक्षक कुठून आणायचा?

खरी अडचण इथे आहे. वर्गात शिकवणाऱ्याला स्वतःला निदान ‘बी-वन’ म्हणजे मध्यम पातळीपर्यंतचं फ्रेंच यावं. नांदेडकरांना हैदराबादची इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाची वाट जवळची, लातूरकरांना पुण्याचीही सोयीची. तेवढी तयारी नसेल तर खोटं अवसान आणू नका. फोनला छोटा स्पीकर जोडा, फ्रेंच माणसाचा आवाज ऐकवा आणि मुलांबरोबर तुम्हीही शिका. टीव्ही फाइव्ह मोंद या फ्रेंच वाहिनीचे शिकणाऱ्यांसाठीचे धडे मोफत मिळतात. ‘मलाही हे आत्ताच कळलं’ असं म्हणणारा शिक्षक मुलांना आवडतो. भाषा कोणती शिकायची, हेही मुलांना विचारता येतं. गाडीवाट या संभाजीनगर जिल्ह्यातल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत तर मुलांनाच विचारलं गेलं, कोणती भाषा शिकायची. रोबोटच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली. निवड मुलांची होती, म्हणून चिकाटीही त्यांची होती.

क्लास निवडणाऱ्या पालकांनी एवढंच करावं: मागे बसून एक तास बघावा. मुलं उभी आहेत, हलताहेत, बोलताहेत का? की वही, फळा आणि शांतता? दुसरं असेल तर फी वाचवा. आणि घरी ‘बोलून दाखव पाहुण्यांना’ असं कधीही म्हणू नका. त्यापेक्षा ‘मला एक शब्द शिकव’ म्हणा.

मराठी मुलं फ्रेंच शिकतात, हे नवलही नाही. मॉरिशसला १८३४नंतर मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांतली मुलं आज पहिलीपासून इंग्रजीबरोबर फ्रेंच शिकतात, आणि हवी असेल तर मराठीही. घरी ती क्रिओल बोलतात. ही घरची बोली शाळेत ऐच्छिक विषय म्हणून यायला २०१२ साल उजाडावं लागलं. घराच्या भाषेला वर्गात शेवटी जागा द्यावीच लागते, हे मॉरिशसला इतक्या वर्षांनी पटलं. आपण ती पहिल्याच दिवशी देऊ शकतो.

येत्या शनिवारी फळा पुसून ठेवा, वह्या दप्तरात राहू द्या, मुलांना गोल बसवा आणि बोट जमिनीवर टेकवायला सांगा. म्वानो व्होल. बघा किती बोटं वर जातात.